चमचे आणि शब्द

चांदीकामाच्या हुपरी गावात मोडीत आलेली चांदी जुन्या रूपात फार काळ राहत नाही. मुशीत सुमारे ९६२ अंशांना ती वितळली, की तिच्यावर कोरलेलं नाव, लग्नाची तारीख, सगळं जातं. उरतो तो टंच, म्हणजे शुद्धता, आणि त्यातून नवे पैंजण घडतात. म्हणूनच आटणीतून वाचलेल्या काही चांदीच्या चमच्यांची हकीकत इथं सांगावीशी वाटते.

१८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाचे सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजं घेऊन उत्तरेच्या बर्फातून आशियाची वाट शोधायला निघाले. बर्फात शिरलेल्या १२९ जणांपैकी एकही परतला नाही. १८५४ मध्ये डॉ. जॉन रे या शोधप्रवाशांना तिथल्या इनुइट लोकांकडे चांदीचे काटे-चमचे मिळाले. काहींवर अधिकाऱ्यांची कुलचिन्हं होती, काहींवर टोकदार वस्तूनं ओरखडलेली अद्याक्षरं. एका लहान ताटलीवर तर खुद्द फ्रँकलिन यांचं नाव होतं. इनुइटांनी वस्तू विकल्या आणि त्यांच्याबरोबरची कहाणीही सांगितली: गोरी माणसं होडी ओढत दक्षिणेकडे जात होती, उपासमारीनं एकेक पडत गेली, आणि शेवटी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाऊन जगू पाहत होती.

लंडननं चमचे खरे मानले, कहाणी नाही. चार्ल्स डिकन्ससारख्या मोठ्या मनाच्या लेखकानंही आपल्या साप्ताहिकात इनुइटांना अविश्वासू ठरवलं. त्यांनीच खलाशांना मारलं असेल, असंही सुचवलं. याचं मला फार वाईट वाटतं. चमच्यांचा टंच पाहिला गेला, ते आणणाऱ्यांच्या शब्दाचा कुणी पाहिलाच नाही. भुकेनं माणसाचं काय होतं, याचा निवाडा भरल्या पोटी झाला.

पुढं १९९० च्या दशकात तिथल्या किंग विल्यम बेटावर सापडलेल्या या खलाशांच्या हाडांवर सुरीचे व्रण स्पष्ट दिसले. ‘एरेबस’ २०१४ मध्ये सापडलं, तेही इनुइटांच्या पिढीजात आठवणी बोट दाखवत होत्या त्याच भागात.

‘टेरर’ राहिलं होतं. सॅमी कोग्विक या इनुइट शिकाऱ्यानं काही वर्षांपूर्वी एका उपसागरात बर्फातून वर आलेला एक लाकडी खांब पाहिला होता. फोटोही काढला होता, पण कॅमेरा हरवला आणि तो गप्प बसला. २०१६ मध्ये शोधजहाजावर त्यानं ते सांगितलं. हातात पुरावा काहीच नव्हता. पथकानं त्याच्या शब्दावर जहाज वळवलं, आणि त्या उपसागराच्या तळाशी ‘टेरर’ होतं.