त्रास कोणाला?

‘मुलांवर शिक्के मारू नका’ हे वाक्य हल्ली व्याख्यानमालेपासून पालकसभेपर्यंत सगळीकडे टाळ्या घेतं. बोलणारा संवेदनशील ठरतो, ऐकणाऱ्यांना हायसं वाटतं आणि शाळेने ‘एकदा समुपदेशकांना दाखवून घ्या’ असं सुचवलेलं मूल आणखी एक वर्ष तसंच राहतं. वाक्य अगदीच खोटं नाही. पण बिनशिक्क्याचं मूल असतं कुठे? तपासणी न झालेल्या मुलाला वर्गात ‘ढ’, घरात ‘हट्टी’ आणि नातेवाइकांत ‘घुमं’ म्हणतातच. हे शिक्के मारायला पदवी लागत नाही, आणि ते बरोबर होते का हे सहा महिन्यांनी कोणी पडताळून पाहत नाही.

सगळं मोबाइलमुळे बिघडलं म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. हे आजार औषध कंपन्यांनीच काढले म्हणणाऱ्यांशी तर नाहीच. मला छळतो तो तिसराच युक्तिवाद: ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दोन धपाटे बसले की पोरं ताळ्यावर यायची.’

नव्हतं कसं? बुद्धीने चांगली, पण स्वतःला आवरू न शकणारी मुलं जॉर्ज स्टिल या डॉक्टरने 1902 साली लंडनच्या व्याख्यानांत वर्णन करून ठेवली आहेत. बिने यांची बुद्धिमापनाची कसोटी 1905 ची, व्ही. व्ही. कामतांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, तीही स्वातंत्र्यापूर्वी. म्हणजे हे काल-परवाचं फॅड नव्हे. पण इतिहास सोडा. हा युक्तिवाद करणारे ‘आम्ही’ कोण, ते पाहा. जे शिकले, नोकरीला लागले आणि आज दिवाणखान्यात बसून हे सांगू शकतात, तेच. चौथीत शाळा सुटून गुरांमागे गेलेला, मॅट्रिकला चारदा बसून दुकानात पुड्या बांधायला लागलेला, घरातून पळालेला, ‘वेडसर’ म्हणून माडीवर ठेवलेला त्यांचा वर्गमित्र या चर्चेला आलेला नसतो. ज्यांचं निभावलं त्यांच्या साक्षीवर सगळ्यांचं निभावलं असा निकाल द्यायचा, ही अजब न्यायपद्धती आहे.

आणि धपाटे बसल्यावर नेमकं काय व्हायचं? आवाज थांबायचा. मुलाला अक्षरं लागत नसतील, भीतीने पोटात गोळा येत असेल, तर ते तसंच राहायचं. फक्त ते कोणाला कळणार नाही याची काळजी मूल घ्यायला शिकायचं. ‘ताळ्यावर आलं’ याचा अर्थ, आम्हाला त्रास व्हायचा थांबला. माझ्या मते या साऱ्या वादात एकच फरक महत्त्वाचा आहे: त्रास देणारं मूल आणि त्रास होणारं मूल. कधी ही दोन्ही मुलं एकच असतात, कधी मुळीच नसतात.

आता हे शस्त्र आपल्याच बाजूवरही चालवायला हवं. तपासणीसाठी कोणाला आणलं जातं? जो वर्ग चालू देत नाही त्याला. खिडकीबाहेर बघत बसणारी, वही नेटकी ठेवणारी, परीक्षेच्या सकाळी उलट्या करणारी मुलगी ‘शांत आहे हो’ म्हणून सुटते. किंवा नववीत अचानक धावपळ होते, कारण दहावीच्या परीक्षेतल्या सवलतींना प्रमाणपत्र लागतं. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेला जागा मिळाली, हे योग्यच झालं. पण वाचन दुसरीपासून अडलेलं असतं आणि प्रमाणपत्र मात्र बोर्डासाठी लागतं, तेव्हा ती तपासणी कोणाच्या गरजेची होती?

चांगल्या तपासणीची शिस्त मला मान्य आहे. आधी डोळे, कान, झोप पाहायची. अतिचंचलतेचं निदान करताना लक्षणं एकाहून अधिक ठिकाणी, किमान सहा महिने आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसायला हवीत. म्हणूनच पालकांसाठी एक प्रश्नावली असते, शिक्षकांसाठी दुसरी. पण टॉमस ॲकेनबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये 119 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलाने स्वतःबद्दल सांगितलेलं आणि मोठ्यांनी त्याच्याबद्दल सांगितलेलं यांतला मेळ सरासरी जेमतेम 0.22 निघाला, पूर्ण मेळ म्हणजे 1. मोठे खोटं बोलतात असा याचा अर्थ नाही. पालक-शिक्षकांचा आपसातला मेळही फार नसतो. पण मोठ्यांना दिसतं ते वागणं. आत काय चाललंय ते बऱ्याचदा मुलालाच ठाऊक असतं.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाशी तज्ज्ञाने आधी एकट्याने बोलावं, पालकांचं नंतर ऐकावं. पालकांना हे लागतं, मला माहीत आहे. पैसे त्यांनी भरलेले असतात, रजाही त्यांनी टाकलेली असते. पण बहुतेक ठिकाणी चालतं ते उलटं. आई-वडील आत तासभर सांगतात, मूल बाहेर बाकावर थांबतं, आणि त्याला हाक येते ती ठोकळे जुळवायला. मग अहवालात ‘तक्रार’ या शब्दापुढे जे लिहिलं जातं, ते शाळेचं असतं किंवा घराचं.