कुळागरातील पाहुणा

फोंडा तालुक्यातील एका आप्तांच्या कुळागरात आमचे लहानपणापासून जाणे-येणे आहे. डोंगराच्या पायथ्याशी, झरीच्या आश्रयाने ते वसले आहे. वर माड आणि पोफळी, पोफळीच्या अंगावर चढलेली मिरीची वेल, खाली केळी, जायफळ, वेलदोडे आणि या सर्वांच्या मुळांशी खेळणारे पाटाचे पाणी. ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यातला अननस तेवढा पोर्तुगीजांबरोबर आलेला. रासायनिक खत येथे कधी शिरले नाही. गळालेले पान, शेण आणि पालापाचोळा पुन्हा मुळाशी जातो.

सावई-वेरे, केरी या परिसरातील इतर काही कुळागरांप्रमाणे आमच्या आप्तांनीही आपली बाग पर्यटकांना खुली केली. आम्हांस प्रथम ते रुचले नाही. परंतु हिशेब पाहिल्यावर आमचा विरोध मावळला. मजूर मिळेना, पाटाची डागडुजी परवडेना, मुले नोकरीला लागलेली. अशा वेळी पाहुण्यांच्या तिकिटांनी बाग तगली. गावच्या चार बायकांना स्वयंपाकाचे काम मिळाले, शेजाऱ्यांची भाजी आणि आमसुले खपू लागली. अन्यथा त्या जमिनीचे भूखंड पडले असते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

एकदा पर्यटकांसमोर पाडेली एका पोफळीवरून दुसरीवर झोके घेत गेला. उतरण्या-चढण्याचे श्रम वाचावेत म्हणून निघालेली ही युक्ती आता सुपारी पिकलेली नसतानाही दाखवली जाते. टाळ्या झाल्या. आम्हीही वाजवल्या आणि मनातून ओशाळलो. श्रमाचा असा खेळ व्हावा काय, असे आम्ही नंतर त्यालाच विचारले. तो म्हणाला, ‘‘बाब, इतकी वर्षे चढलो, तेव्हा कोणी मान वर करून पाहिले होते?’’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याच्या सन्मानाची काळजी आम्हांला नेमकी पर्यटक आल्यावरच वाटू लागली होती.

मग खरी कसोटी कोणती? संयुक्त राष्ट्रसंघाने 2002 हे वर्ष आंतरराष्ट्रीय पर्यावरणीय पर्यटन वर्ष म्हणून पाळले. निसर्ग राखावा आणि स्थानिकांचे भले व्हावे, ही या पर्यटनाची दोन सूत्रे. ती एकाच दमात उच्चारली जातात. म्हणून ती एकत्रच साधतात, असा आपला समज होतो. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि तो समज गळून पडला. पाहुणे एका दिवसात नाहीसे झाले. त्या वैशाखात आप्तांनी पोफळीचे पाणी एक पाळीही चुकवले नाही. मात्र स्वयंपाकाच्या बायका घरी बसल्या आणि पाडेलीला बोलावणे गेले नाही. यात क्रौर्य नव्हते. कोणाच्या ते ध्यानातच आले नाही. पोफळ वाळली तर मालकाचे नुकसान होते, म्हणून ती घरची. माणूस मात्र हंगामाचा.

दोष केवळ त्यांचा नव्हे. शासकीय सेवेत असताना कित्येक प्रस्तावांवर ‘स्थानिकांना रोजगार मिळेल’ हे वाक्य आम्ही स्वहस्ते लिहिले आहे. वर्षातून किती महिने, आणि पाहुणे न आल्यास काय, हे एकदाही विचारले नाही. निसर्गाचे रक्षण आणि माणसाचे रक्षण ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत. पहिल्याने दुसरे आपोआप फिटत नाही.

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड सांगतात. तिकीट काढून नेमल्या वेळी येणारा पर्यटक त्या अर्थाने अतिथी नव्हे. त्याचे न येणे मात्र तिथी सांगून येत नाही. तरतूद करायची ती त्या दिवसासाठी. हे आम्ही आप्तांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. आता ते प्रत्येक तिकिटामागे काही रक्कम पाडेलीच्या विम्यासाठी आणि रिकाम्या महिन्यांसाठी बाजूला काढतात. रक्कम मोठी नाही.

भूमीतून घेतले ते भूमीला परत करावे, हा सेंद्रिय शेतीचा पहिला नियम. तो पोफळीच्या मुळाशी पाळणे आपल्याला साधले आहे. पोफळीवर चढणाऱ्याच्या बाबतीत तो पाळला गेला, तरच त्या बागेला सेंद्रिय म्हणण्याचा आपल्याला अधिकार पोहोचतो.