मत्स्योदरी माय, एवढं ऐक

माय मत्स्योदरी, अंबडच्या टेकडीवर बसून तुला आमचा सगळा पसारा दिसतोच. खाली गोदावरी, मधून गेलेला पैठणचा डावा कालवा, मोसंबीच्या बागा, कापूस, तूर, सोयाबीन, आणि अंकुशनगरच्या कारखान्याला निघालेल्या उसाच्या गाड्या. नवरात्रात पायऱ्या चढून येणारी बाई ओटीच्या खणानारळाखाली काय झाकून आणते, तेही तुला ठाऊक आहे. तरी बोलल्याशिवाय मन हलकं होत नाही, म्हणून बोलते.

आधी पावसाचं. २०१२ चा दुष्काळ तू पाहिलास. पोटच्या लेकरासारखी वाढवलेली मोसंबी लोकांनी टँकरच्या पाण्यावर जगवली, आणि टँकरला पैसे उरले नाहीत तेव्हा त्याच हातांनी कुऱ्हाड लावली. मग २०२५ ला तुझे घट बसलेले असतानाच जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि गोदाकाठचं उभं पीक पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर कुणाच्या रानात नुसती वाळू, कुणाची मातीच वाहून गेलेली. म्हणून आता ‘भरपूर पाऊस दे’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. मृगात पेरणीपुरता पड म्हणावं त्याला, पोळ्यापर्यंत निंदणी-कोळपणीला उसंत दे म्हणावं. हस्तात ज्वारी-हरभऱ्याला ओल पाहिजे, आणि नेमकी त्याच दिवसांत सोयाबीनच्या काढणीला उघडीप पाहिजे. हे दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते तुझं तू बघ.

पण माय, पाऊस पडला तरी ते पाणी वाटून घेण्यात आमची खरी परीक्षा आहे. आजोबांनी खोदलेली विहीर सातबाऱ्यावर सामाईक असते आणि मोटार तिघा भावांची वेगळी. लाईट यायची रात्री, तीही घटकाभर. मग कुणाची पाळी कुणी चुकवली, यावरून बोलणं बंद. बांध दरसाल नांगराच्या एकेका तासानं पुढं सरकवायचा, मोजणी आणायची, तहसीलात तारखा करायच्या, आणि वकिलाच्या फीपायी एका बहाराचा पैसा घालवायचा. त्या भांडणातला बांध इतका बारीक असतो की त्यावर बोरीचं झाडसुद्धा नीट उभं राहत नाही. वाटण्या होणारच, एका चुलीवर कायम कुणाचं भागलंय? एवढंच कर, की भावकीत मयत झाली तर दोन्ही बाजूंनी खांदा द्यायला माणसं यावीत आणि विहिरीची पाळी तोंडानं ठरावी.

जवळच जालना तालुक्यात कडवंची आहे. १९९० च्या दशकात तिथल्या लोकांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम केलं, मग शेकड्यांनी शेततळी खोदली आणि त्या हलक्या रानात द्राक्षबागा उभ्या केल्या. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं त्यांना वाट दाखवली, पण चर खोदताना तो कुणाच्या रानातून जातो यावर अडून न बसणं, हे गावालाच करावं लागलं असणार. आमच्या गावालाही तेवढं शहाणपण दे.

आता बायांचं सांगते, कारण हे पारावर कुणी सांगत नाही. कायद्यानं लेकीचा हिस्सा मान्य करून कैक वर्षं झाली. तरी भाऊबीजेला ताटात साडी आली की मागून हक्कसोडीचा कागद येतो. सही केली तर माहेर राहतं, नाही केली तर दार बंद. माय, माहेर आणि हिस्सा यांतून एकच निवड, असं कुण्या बहिणीवर येऊ देऊ नकोस. आणि जिचा नवरा कर्जापायी गेला, तिचं नाव सातबाऱ्यावर लागायला हेलपाटे किती पडतात, ते तिच्या चपलांना विचार.

आमच्या जिल्ह्याचं बियाणं देशभर जातं. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण संध्याकाळी कपाशीची कळी सोलून तिचे पुंकेसर काढणारी आणि दुसऱ्या सकाळी तिच्यावर दुसऱ्या फुलाचा पराग घासणारी बोटं बायांची असतात, पोरींची असतात. त्या पोरींना प्लॉटवर नाही, शाळेत पाठव. बायांची मजुरी त्यांच्याच पदरात पडू दे.

दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतील. ट्रॅक्टरवर पेटी, भांडी, कोंबड्या, वर लेकरं. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या दाराशी रोज कुणीतरी डोकावावं, ही बुद्धी शेजाऱ्यांना दे. आणि टोळ्यांना पाडव्यापर्यंत धडधाकट घरी आण.

सावड मोडत चाललीय, तेवढी जपून ठेव. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजूर मिळत नाही म्हणून ओरडणारे आम्हीच, पण शेजारणीकडं निंदायला जायचं तर आम्हाला कमीपणा वाटतो. सप्ताहाच्या पंगतीत सगळ्या आळ्यांची माणसं एका ओळीत बसू देत, वाढणाऱ्याचा हात कुणापाशी आखडू देऊ नकोस. जमलं तर मिरवणुकीतला तो डीजेही बंद पाड, म्हाताऱ्यांचं काळीज हलतं त्यानं. शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळत नाहीत, याबद्दलही तुला नवस येतातच. मी मुलींना दोष देत नाही. ज्या घरात सून सकाळी गोठ्यात आणि दुपारी रानात, पण पैशाच्या गोष्टीत कुठंच नाही, त्या घरात तू तरी तुझी लेक दिली असतीस का?

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय. भाव मात्र अजून झाडाखाली उभा राहून व्यापारीच बोलतो. त्याच्याशी बोलताना आमच्या माणसांना थोडी ताठ मान दे, आणि शेजाऱ्याचा भाव पाडून आपला माल आधी खपवायचा मोह आवर.

शेवटचं, आणि हे घरचंच आहे. मोसंबीच्या बागेला ताण द्यायचा विषय आता निघेल. मुलगा म्हणतो आंबेबहार धरू, त्याचे वडील म्हणतात उन्हाळ्यात पाणी कुठून आणशील, मृगच धर. दोघंही मला विचारत नाहीत. उद्या सकाळी चहाच्या वेळी तो विषय निघाला की विहिरीला चैत्रात किती पाणी राहतं ते मी सांगणार आहे. तेवढं त्यांना ऐकायला लाव.