नकार पचवणारा आणि नकार देणारा

लग्नसराई ओसरली की आपल्याकडच्या बऱ्याच तरुणांचे फोन शांत होतात. फोटोग्राफर, व्हिडिओ एडिटर, पत्रिका आणि बॅनरचं डिझाइन करणारे, सूत्रसंचालन करणारे, घरी बसून भाषांतर किंवा मुद्रितशोधन करणारे. जालना जिल्ह्यातल्या अंबड, परतूर, भोकरदन, मंठा अशा गावांत राहून ही मुलं-मुली पुण्या-मुंबईची कामं मिळवायला धडपडतात. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालात गिग कामगारांचा देशातला आकडा ७७ लाख धरला होता. बांधील नोकरी नसलेल्यांचा हा वर्ग वाढतोच आहे.

नोकरदाराची मुलाखत एकदा होते, या मंडळींची दर आठवड्याला. ‘रेट पाठवा’, ‘आधी एक सॅम्पल करून दाखवा’, ‘साहेबांना विचारून कळवतो’ ही त्यांच्या रोजच्या कानावरची वाक्यं. त्यानंतर बहुतेक वेळा काहीच येत नाही. मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटतात आणि माणूस चार दिवस फोनकडे पाहत राहतो. घरात वडील म्हणतात, यापेक्षा एमआयडीसीत स्टीलच्या कारखान्यात चिकट, महिन्याला पगार तरी येईल. काम हुकल्याचं दुःख असतंच. पण ‘आपल्यातच काही नाही’ हा संशय जास्त पोखरतो.

दारोदार जाऊन मागणं आणि रिकाम्या हाताने पुढे जाणं याचा सखोल विचार याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाने करून ठेवला आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेले समर्थ रामदास. दासबोधाच्या चौदाव्या दशकातला पहिला समास निस्पृहाच्या लक्षणांचा, दुसरा भिक्षेचा आणि तिसरा कवित्वकलेचा. मला हा क्रम बोलका वाटतो. आधी मनाची हाव आवरायची, मग लाज सोडून लोकांच्या दाराशी जायचं आणि त्यानंतर कलेची गोष्ट बोलायची. भिक्षेत समर्थांना कमीपणा दिसत नाही, निर्भयता दिसते. समोरच्याने पुष्कळ आणलं तरी मूठभरच घ्यावं, असं ते सांगतात. दासबोधातच दुसरीकडे भिक्षेच्या निमित्ताने लहानथोर माणसं पारखून घ्यावीत, असाही सल्ला आहे. म्हणजे ज्या दाराशी काही मिळालं नाही, तिथली फेरीसुद्धा फुकट जात नाही. कोण वेळेवर उत्तर देतो, कोण घासाघीस करतो, कोण पैसे बुडवतो, हे त्या फेरीतच कळतं. माधुकरी मागणारा अनेक घरी जायचा, तो कुठल्याही एका घरावर ओझं होऊ नये म्हणून. त्यामुळे एका घराचा नकार त्याला उपाशीही ठेवत नसे. सगळं उत्पन्न एकाच गिऱ्हाइकावर टांगून ठेवणाऱ्याने यातून शिकावं असं बरंच आहे.

पण ही तुलना एका जागी थांबवायला हवी. समर्थांच्या मागे कर्जाचा हप्ता नव्हता, किराण्याची उधारी नव्हती. शिवाय काम मागणं म्हणजे भिक्षा मागणं नव्हे. डिझाइन करणारा आपलं कौशल्य आणि वेळ विकत असतो. म्हणून त्याला नुसतं ‘मनाला लावून घेऊ नकोस’ असं सांगून भागत नाही. त्याला मिळालेला नकार नेमका कशाचा, हे त्याला समजलं पाहिजे.

हे जालन्याच्या शेतकऱ्याला नीट ठाऊक आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये इथे ‘महिको’ सुरू केली, १९९८मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि बियाण्यांचा जिल्हा म्हणून आपलं नाव झालं. बीजोत्पादन घेणाऱ्याचा माल तपासणीला जातो. सोयाबीनची उगवण ७० टक्क्यांच्या खाली भरली, तर तो लॉट बियाणं म्हणून नापास होतो. शेतकऱ्याला वाईट वाटतं, नुकसानही होतं. पण औषध न लावलेला तोच माल मोंढ्यात धान्य म्हणून विकला जातो आणि त्याचं तेल निघतं. नापास झाली ती एका कामासाठीची उगवण. शेतकरी नापास झाला नाही, त्याचं रानही नाही. मुख्य म्हणजे त्याच्या हातात कारण पडतं, त्यामुळे पुढच्या हंगामात काय सुधारायचं ते त्याला कळतं. स्वतंत्र काम करणाऱ्यानेही प्रत्येक नकार असाच तपासावा. दर बसला नाही, शैली जुळली नाही, की काम खरंच कच्चं होतं? शेवटचं उत्तर आलं तर रियाज वाढवावा. पहिली दोन आली तर पुढचं दार गाठावं.

काही नकार मात्र कामाचे नसतातच. आडनाव ऐकून, बोलीचा हेल ऐकून, ‘मुलगी आहे, रात्री उशिरापर्यंत कार्यक्रमाला कशी थांबणार’ असं परस्पर ठरवून काम नाकारलं जातं. असा नकार पचवायचा नसतो. तो अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हणायला हवं. सोसणाऱ्याला सहनशीलता शिकवताना आपण हे सोयीने विसरतो.

इथेच प्रश्न आपल्याकडे, म्हणजे काम देणाऱ्यांकडे वळतो. नकार कसा पचवावा यावर भाषणं खूप होतात, तो कसा द्यावा यावर कुणी बोलत नाही. भिक्षेकऱ्यालासुद्धा आपल्या आया-आज्या ‘पुढे जा बाबा’ असं स्पष्ट सांगायच्या, त्याला दाराशी ताटकळत ठेवायच्या नाहीत. आपण मात्र तीन जणांकडून फुकट सॅम्पल मागवतो, दोघांना उत्तरच देत नाही आणि त्यातल्या एकाची कल्पना स्वस्तात काम करणाऱ्याकडून उतरवून घेतो. उत्तर न देणं हा उद्धटपणा आहे, कल्पना उतरवून घेणं ही सरळ चोरी. सॅम्पल हवं असेल तर त्याचे पैसे द्यावेत, उत्तराचा दिवस सांगावा आणि नकाराचं कारण एका ओळीत कळवावं. एवढ्यासाठी कुणाचा व्यवसाय बुडत नाही.

उमेदीत असलेल्या मुला-मुलींनी एका नकारावर स्वतःची किंमत ठरवू नये. आणि ज्यांच्या हातात काम देणं आहे त्यांनी आज आपला फोन एकदा पाहावा. कुणाचं तरी कोटेशन, कुणाचं तरी डिझाइन तिथे उत्तराची वाट पाहत असेल. काम द्यायचं नसेल तर देऊ नका, पण ‘यावेळी जमणार नाही’ एवढं तरी आजच कळवा.