नाक थोडे सरळ कर

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. घरभर चकल्यांचा वास, दारात रांगोळी, आणि खिडकीशी भाची कोळसा घेऊन बसलेली! ऐन सणात घरात कोळसा, हे काही माझ्या बहिणीला रुचले नव्हते. पण भाची चित्रकला शिकते. गुडघ्यावर फळी टेकवून, तिच्यावर जाड कागद लावून ती सॉक्रेटिसचा चेहरा काढीत होती. समोर ब्रिटिश म्युझियममधल्या एका संगमरवरी मूर्तीचा फोटो होता. अलेक्झांड्रियाहून आलेली ही मूर्ती अवघी साडेसत्तावीस सेंटिमीटर उंच. पण उभा आहे तो मोठ्या थाटात.

कोळशाच्या चित्राची रीत मोठी गमतीची. आधी कागद चोळून चोळून काळा करायचा आणि मग जिथे उजेड हवा असेल तिथला काळेपणा पावाच्या मऊ गराने टिपून घ्यायचा. पावाचा हा उपयोग तर बहिणीला कोळशाहूनही अधिक खटकला.

दुसऱ्या दिवशी चेहरा आकाराला आला. बसके, रुंद नाकपुड्यांचे नाक, बाहेर आलेले डोळे, जाड ओठ, टक्कल. मी मागे उभा होतो. न राहवून म्हणालो, "अगं, नाक थोडे सरळ कर की. एवढा मोठा माणूस!"

हात न थांबवता ती म्हणाली, "मामा, मग तो सॉक्रेटिस कसा राहील?"

फराळाला आलेल्या पाहुण्यांची गंमत तर त्याहून न्यारी. चित्राखाली नाव नव्हते तोवर एकाने विचारले, "हे कोण? कोणी जुने पहिलवान का?" नाव कळताच तेच गृहस्थ दोन पावले मागे सरले, मान तिरपी केली आणि म्हणाले, "वा! काय तेज आहे हो डोळ्यांत!" मी हसलो, पण सरळ नाकाची मागणी करणारा मी तरी त्यांच्याहून कुठे वेगळा होतो?

खुद्द ग्रीकांनाही हे कोडे सुटले नव्हते. थोर पुरुषाचे वर्णन करताना ते 'सुंदर' आणि 'सज्जन' ही दोन विशेषणे एकत्र बांधूनच वापरीत. अशा नगरात हा माणूस जन्मला. झेनोफनने एका मेजवानीचे वर्णन केले आहे. तिथे सॉक्रेटिस क्रिटोब्युलस नावाच्या देखण्या तरुणाशी सौंदर्याची पैज लावतो. म्हणतो, तुझे डोळे फक्त समोरचे पाहतात, माझे बाहेर आलेले डोळे बाजूचेही पाहतात. तुझे उंच नाक दोन डोळ्यांमध्ये भिंत घालते, माझे बसके नाक वाट मोकळी ठेवते. तेव्हा सुंदर कोण? युक्तिवाद बिनतोड होता. मते मोजली, तर एकूण एक क्रिटोब्युलसला!

इसवी सनापूर्वी 399 साली अथेन्सने त्याला विष प्यायला लावले. तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता. पुढे नगराला पश्चात्ताप झाला आणि लिसिपस या नामांकित शिल्पकाराकडून त्याचा ब्राँझचा पुतळा करवून घेतला, असे डायोजिनिस लाएर्शियस सांगतो. सॉक्रेटिसच्या जुन्या शिल्पांचे अभ्यासक दोन प्रकार मानतात: आधीचा ओबडधोबड, जवळजवळ वनदेवतेच्या सोंगासारखा, नंतरचा सौम्य, भारदस्त, आब राखून असलेला. मेल्यावर माणसाचे नाकडोळे सुधारत नाहीत, बघणाऱ्यांची गरज बदलते. 1787 साली फ्रान्सच्या दाविदने त्याच्या मृत्यूचे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात तर सत्तरीच्या म्हाताऱ्याला मल्लाची छाती दिली आहे. चित्र मोठे सुरेख आहे, याबद्दल वाद नाही. पण थोराला देखणे केल्यावाचून आपल्याला चैन का पडू नये? मला वाटते, हा आदर दिसतो तितका निरुपद्रवी नाही. चांगल्या माणसाला चांगला चेहरा हवाच, असे ज्याने एकदा धरले, तो वाईट चेहऱ्याच्या माणसाला चांगुलपणा नाकारायला फार वेळ लावत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शाळेत शिक्षक निवडायचे होते आणि समितीत मी होतो. एक उमेदवार आला. डोळे असेच बाहेर आलेले, ओठ जाड, बोलताना मान पुढे काढण्याची लकब. उत्तरे मात्र सर्वांत चोख. आमच्या तक्त्यात 'व्यक्तिमत्त्व' नावाचा दहा गुणांचा एक रकाना होता. किती सोयीचा शब्द! त्यात चेहरा लपतो आणि आपणही लपतो. मी तीन गुण दिले. तेवढ्याने तो मागे पडला.

सिसेरोने झोपायरस नावाच्या एका माणसाची गोष्ट सांगितली आहे. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखतो अशी त्याची ख्याती. भर मंडळीत त्याने सॉक्रेटिसचे एकेक दुर्गुण मोजून दाखवले. सगळे खो खो हसले, कारण त्यांतला एकही त्याच्यात कुणाला दिसला नव्हता. सॉक्रेटिसनेच झोपायरसची बाजू घेतली. म्हणाला, हे सारे माझ्यात जन्मतः होतेच. विवेकाने मी ते बाहेर काढले.

कितीदा तरी मी या उत्तरापाशी थांबतो. चेहरा खोटे बोलतो, एवढे म्हणून त्याला सुटता आले असते. तो तसे म्हणाला नाही. जन्माने हाती काय आले ते झोपायरसने वाचले असेल. त्याचे पुढे काय केले ते कोणत्या नाकावर लिहिलेले असते? आणि झोपायरसने जे सांगायचे ते निदान तोंडावर सांगितले. त्यामुळे समोरच्याला उत्तर तरी देता आले. मी कागदावर एक आकडा लिहिला आणि घडी घालून अध्यक्षांकडे सरकवला.

निघायच्या दिवशी भाचीने पावाचा शेवटचा तुकडा चिमटीत घेतला आणि डाव्या डोळ्यात एक बारीकसा उजेड काढला. नाक होते तसेच राहिले. "मामा, आता कसा वाटतो?" तिने विचारले. मी बराच वेळ बघत राहिलो. त्या उमेदवाराचे डोळे मला स्पष्ट आठवत होते. नाव काही केल्या आठवेना.