दोघांसाठी चाललेली वाट

शास्त्रपाठ : लूक २४:१३-३५



गेल्या वर्षी इंग्लंडमध्ये नोकरीस असलेल्या धाकट्या भावाकडे जाण्याचा योग आला. एके दिवशी आम्ही दोघे नॉर्दॅम्प्टनशायरातील हॅकलटन गावाहून अर्ल्स बार्टनला पायी निघालो. वाटेत गव्हाची शेते, मेंढरांची कुरणे आणि नेन नदी. अंतर सहा-सात मैल. अर्ल्स बार्टनचे जुने चर्च उंचवट्यावर आहे. त्याचा दगडी मनोरा सुमारे हजार वर्षांपूर्वीचा.

पण मला ओढ होती ती दुसऱ्याच गोष्टीची. १७८२ च्या सुमारास हॅकलटनमध्ये जोडे शिवणारा एक तरुण दर पंधरवड्याला या गावी चालत येई. या मोठ्या चर्चमध्ये नव्हे, तर गावातील लहानशा मंडळीत तो उपदेश करी. असे त्याने साडेतीन वर्षे केले. मंडळी इतकी गरीब, की तिच्या सेवेत झिजलेल्या कपड्यांचा खर्चही धड भरून निघत नसे. तो तरुण म्हणजे विल्यम केरी. पुढे बंगालमधील सेरामपूरहून १८०५ साली मराठी व्याकरण आणि १८११ साली मराठी नवा करार त्यांनीच आपल्या हाती दिला.

मनोऱ्याच्या सावलीत बसलो आणि मला बेळगावजवळची एक वाडी आठवली. तेथे आपली पाचच घरे. फाट्यावर बसमधून उतरून तीन मैल चालावे लागते. मी महिन्यातून एकदा तेथे उपासना घेत असे. एका पावसाळ्यात चिखलाला कंटाळून जाणे सोडले. 'इतक्या थोड्यांसाठी एवढी पायपीट कशाला?' असे मनाशी म्हटले. त्या वाडीतील एक आजी दर महिन्याला दारात बसून माझी वाट पाहत होती. ती प्रभूमध्ये निजल्यावर हे मला कळले.

पुनरुत्थानाच्या दिवशी प्रभू काय करीत होता, ते पाहा. अम्माऊसच्या वाटेवर निराश झालेले दोघेच जण होते, आणि तेही यरुशलेमेकडे पाठ फिरवून चाललेले. त्या दोघांसाठी तो पायी चालला आणि मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंतचे शास्त्र त्याने त्यांना उलगडून सांगितले. त्याने डोकी मोजली नाहीत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, वर्गात तीनच मुले आली म्हणून धडा आवरता घेऊ नका. मी परत आल्यावर पहिल्याच रविवारी वाडीला गेलो. आजीच्या नातवाने चटई अंथरली. आम्ही सात जण होतो.

हे प्रभू, आम्ही सोडून दिलेल्या वाटेवर आम्हांला पुन्हा चालव. आमेन.