तिची एक सही

गर्भपाताच्या आधी बाईपुढे एक कागद येतो. ‘फॉर्म सी’ म्हणतात त्याला. मजकूर चार ओळींचा: मी अमुक, अमुक यांची मुलगी किंवा पत्नी, वय इतके, राहणार इथे, माझा गर्भपात करण्यास संमती देत आहे. खाली ठिकाण, तारीख आणि सही. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव लिहायला या कागदावर जागा आहे, त्याच्या सहीला नाही. मुलगी अठरा वर्षांखालची असेल किंवा बाई मनोरुग्ण असेल तरच पालकाची सही लागते. त्यासाठी मजकूरही वेगळा छापलेला आहे. एरवी १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने संमती मागितली आहे ती फक्त तिची.

पेण-रोहाच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बाई एकटी दवाखान्यात गेली तर पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘मिस्टर कुठायत?’ मिस्टर कामावर असतील तर ‘उद्या त्यांना घेऊन या’. मिस्टर वारले असतील, सोडून गेले असतील किंवा लग्नच झालेलं नसेल, तर विचारण्याचा सूर बदलतो. मग आई, सासू, भाऊ, कुणीतरी ‘जबाबदार माणूस’ हवा असतो. कायद्यात नसलेली सही अशी रिवाजाने मागितली जाते, आणि ती मिळेपर्यंत पोटातले आठवडे वाढत जातात.

ती एक सही पुरेशी आहे, एवढंच मला म्हणायचं आहे. हे डॉक्टरांनी मानलं पाहिजे, घरच्यांनी मानलं पाहिजे आणि कायद्यानेही. कारण कायदासुद्धा ते पुरतं मानत नाही.

१८६०च्या भारतीय दंड संहितेत ३१२वं कलम होतं. त्या कलमाने गर्भपात करणारा गुन्हेगार होता, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईदेखील. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल तर सात वर्षांपर्यंत. जीव वाचवण्यासाठी केलेला गर्भपात तेवढा अपवाद. १ जुलै २०२४ला दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. कलमाचा आकडा बदलून ८८ झाला, बाईचा गुन्हा तसाच राहिला. १९७१च्या कायद्याने या गुन्ह्यातून एक वाट काढून दिली, पण ती डॉक्टरांसाठी. अमुक अटी पाळल्या तर नोंदणीकृत डॉक्टर दोषी ठरणार नाही, अशी त्या कायद्याची मांडणी आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीसमध्ये दोघांचं, तेही ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी. गर्भात गंभीर व्यंग असेल तर चोवीसच्या पुढे वैद्यकीय मंडळाचं. बाई संमती देते, निर्णय मात्र तिचा नसतो. ‘मला हे मूल नको’ एवढं कारण भारतीय कायद्यात आजही कुठेच लिहिलेलं नाही. तिला एकतर शारीरिक-मानसिक धोका सांगावा लागतो, नाहीतर गर्भनिरोधक फसल्याचं.

म्हणून एकट्या डॉक्टरला दोष देऊन भागत नाही. उद्या नवरा चार माणसं घेऊन दवाखान्यात येईल, तक्रार करील, आणि सूट मिळवण्यासाठी कागदपत्रं आपल्यालाच दाखवावी लागतील, ही त्याची भीती खरी आहे. पण डॉक्टर स्वतःच्या बचावाचा विचार आधी करू लागला की बाईचं काय होतं, हे बेळगावकरांना कुणी सांगायला नको. बेळगावची सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये दंतवैद्य होती. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं. तिने गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू होते, म्हणून तो नाकारला गेला. ठोके थांबेपर्यंत जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. २८ ऑक्टोबरला ती गेली. त्या मृत्यूने आयर्लंड हललं, आणि २५ मे २०१८ला तिथल्या ६६ टक्क्यांहून जास्त मतदारांनी राज्यघटनेतली गर्भपातबंदी काढून टाकली. भारतात गर्भपात कायदेशीर झाला त्याला तेव्हा शेहेचाळीस वर्षं होऊन गेली होती. त्यामुळे आपण पुढे आहोत असं वाटून घेणं सोपं आहे. पण कायदा असणं वेगळं आणि मंगळवारी सकाळी बाई पोचेल तेव्हा दवाखान्यात परवानगी असलेला डॉक्टर जागेवर असणं वेगळं.

पेण तालुक्यात हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. मूर्ती घासण्यापासून रंगकामापर्यंत बाया तिथे कामाला असतात, आणि पावसाळ्याच्या तोंडापासून गणेशचतुर्थीपर्यंत उसंत नसते. समजा, तिथल्या एखादीची शेवटची पाळी जूनच्या सुरुवातीला आली. जुलैत चुकली. जागरण, अशक्तपणा, उभ्याने काम, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिला कळलं की दिवस गेलेत. कायदा आठवडे मोजतो ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे तिला कळलं तेव्हाच नऊ आठवडे होत आले. गोळ्यांनी करायच्या गर्भपाताची मर्यादा नऊच आठवड्यांची आहे. खाडा केला तर रोज जातो, हंगामात कारखानदाराला सांगायचं काय? घरात दोन लहान मुलं. नवरा म्हणतो, गणपती होऊन जाऊ देत. गणपती होतात तेव्हा ती बारा-तेरा आठवड्यांची असते. आता जवळच्या आरोग्य केंद्रात भागत नाही, मोठं रुग्णालय लागतं. मग कधी अलिबागचं जिल्हा रुग्णालय, कधी थेट मुंबई. सोबत कुणीतरी, गाडीभाडं, मुंबई-गोवा रस्त्यावरचे खड्डे आणि घरी द्यायचं एखादं कारण. तिला अजूनही कायद्याने अडवलेलं नाही. अडली आहे ती रोजावर, एसटीच्या वेळेवर आणि ‘मिस्टर कुठायत’वर.

अशा वेळी बाई मेडिकलमध्ये कुणालातरी पाठवते. २०१५मध्ये भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०१८मध्ये छापला. त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झालेले होते. गोळ्या चांगल्या आहेत. वेळेत आणि नीट माहिती देऊन घेतल्या तर सुरक्षित आहेत. पण चिठ्ठीशिवाय, उशिरा, डोस माहीत नसताना घेतल्या आणि रक्त थांबेना, की तीच बाई रात्री ‘१०८’मधून रुग्णालयात येते आणि गुन्हा केल्यासारखी मान खाली घालून बसते.

रोहा-पेणच्या डोंगरातल्या कातकरी वाड्यांवर आणखी एक गाठ बसली आहे. तिथे लग्नं लवकर होतात. दिवाळीनंतर जोडपी वीटभट्टीवर जातात आणि पावसाआधी परततात. सोळा-सतरा वर्षांची मुलगी गरोदर राहिली आणि तिला मूल नको असेल, तरी ती दवाखान्याची पायरी चढत नाही. कारण मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, आणि तिचा एकोणीस-वीस वर्षांचा नवरा आत जाईल ही भीती असते. बालविवाह थांबलेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिच्या संरक्षणासाठी केलेला कायदा तिला वैदूच्या मुळीकडे ढकलत असेल, तर ते संरक्षण तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात यावर तोड काढली: संमतीने ठेवलेल्या संबंधांतून गरोदर राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर मुलीने आणि पालकाने विनंती केल्यावर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत याच निकालाने घेतलं, आणि गर्भपातापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कार मानला. निकाल दिल्लीत लागला. वाडीवरच्या आशाताईला तो कुणी समजावून सांगितला का, हे विचारायला हवं.

इथे हमखास एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही: गर्भपात इतका मोकळा केला तर मुली पाडल्या जातील. महाराष्ट्राला ही जखम ठाऊक आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८मध्ये याच राज्याने केला, आणि तो करायला लावला तो मुंबईतल्या स्त्री चळवळीने, म्हणजे गर्भपाताचा हक्क मानणाऱ्याच बायकांनी. त्यांना फरक कळत होता. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडायचं घर ठरवतं. ते ठरवताना बाईला कुणी विचारत नाही. नको असलेलं मूल जन्माला घालायला लावतानाही विचारत नाही. दोन्हीकडे दुखणं एकच आहे. म्हणून धाड सोनोग्राफी यंत्रावर पडावी, लिंग सांगणाऱ्यावर पडावी. बारा आठवड्यांच्या आत, लिंग कळण्याआधी येणाऱ्या बाईवर संशय घेऊन काही साधत नाही.

पेणला संमतीच्या हक्काचा हा विषय नवा नाही. २१ सप्टेंबर २००८ला या तालुक्यातल्या बावीस गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं: महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची की नाही. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला विचारल्याशिवाय जमीन जाणार नाही, हे इथल्या शेतकऱ्यांनी सरकारकडून कबूल करून घेतलं. त्या लढ्यात बायका पुढे होत्या. जमिनीत भावकीचा वाटा तरी असतो. शरीरात कुणाचाच नसतो. तरीही त्याच घरांत बाईच्या पोटाचा निर्णय सासू, नवरा आणि डॉक्टर मिळून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

हा विचार बाहेरून आलेला आहे असं कुणी म्हणू नये. १० नोव्हेंबर १९३८ला मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलं होतं. मूल होऊ द्यायचं की नाही हे सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर असावं, कोणत्याही कारणाने तिला ते नको असेल तर गर्भधारणा टाळणं तिच्या हाती असावं, असा त्यातला विचार होता. चवदार तळ्यावर माणसाचा हक्क सांगणारा माणूस अकरा वर्षांनी हे मांडत होता. ठराव फेटाळला गेला. पुढे शांतिलाल शहा समिती १९६४मध्ये नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून १९७१चा कायदा आला. तेव्हा चोरून केलेल्या गर्भपातांत जाणारे जीव आणि वाढती लोकसंख्या यांची चर्चा झाली. बाईची इच्छा हा १९३८चा मुद्दा मागे पडला. त्याचे परिणाम अजून दिसतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी केलेली होती. पुरुषांचं प्रमाण होतं ०.३ टक्का. गर्भपाताला आलेल्या बाईला ‘आधी ऑपरेशनला हो म्हण’ किंवा ‘तांबी बसवून घे’ अशी अट घातली जाते, ती याच सवयीतून. अशी अट घालायचा अधिकार कुणालाही नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने मात्र १९३८चा धागा उचलला. २०१६मध्ये भायखळ्याच्या तुरुंगातल्या गरोदर कैदी स्त्रियांचा प्रश्न न्यायालयाने आपणहून हाती घेतला. न्या. विजया ताहिलरामानी आणि न्या. मृदुला भाटकर यांनी लिहिलं की गर्भ स्त्रीच्या शरीरात वाढतो, त्याचा परिणाम तिच्या प्रकृतीवर, मनावर आणि आयुष्यावर होतो, म्हणून त्याचं काय करायचं हे तिनेच ठरवायचं. कैदी बाईचा हा हक्क न्यायालय मानतं, तर हमरापूरच्या रंगकाम करणारीचा मानायला काय हरकत आहे?

प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी लावणं सक्तीचं आहे, आणि ते योग्यच आहे. पेण आणि रोहा इथल्या रुग्णालयांत तिच्या शेजारी दुसरी पाटी लावायला नवा कायदा लागत नाही, वेगळा निधी लागत नाही. अक्षरं मोठी हवीत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना आशाताईंनी वाचून दाखवायला हवी: गर्भपात कायदेशीर आहे. अठरा वर्षांवरील स्त्रीची फक्त स्वतःची सही लागते. तिचं नाव बाहेर फोडणाऱ्याला शिक्षा आहे. त्याखाली डॉक्टरचं नाव आणि वार, म्हणजे तिचा एक रोज वाचेल.